लहान अंकांचा संसार आणि आपण

मुंबई-पुण्याच्या तरुण मुलांमध्ये सध्या 'झीन' हा शब्द रुळला आहे. चार-सहा कागद दुमडायचे, त्यावर स्वतःचे लिखाण, चित्रे, कात्रणे चिकटवायची, झेरॉक्सच्या दुकानात पन्नास-शंभर प्रती काढायच्या, मधोमध पिन मारायची आणि ओळखीपाळखीच्या माणसांत वाटायची. संपादक, मुद्रक, प्रकाशक, विक्रेता सगळे एकच. गेल्या दहाएक वर्षांत मुंबईत अशा झीनांचे मेळेही भरू लागले असून 'बॉम्बे अंडरग्राउंड' या गटाचा त्यात पुढाकार आहे. ही मंडळी धारावीच्या मुलांबरोबरही काम करतात, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. मात्र या मेळ्यांतला बराचसा व्यवहार इंग्रजीत चालतो. उदगीर, अहमदपूर, देगलूरकडच्या मराठी मुलाला हा शब्द कानावर पडला तरी तो परका वाटावा अशीच परिस्थिती आहे.

परका वाटण्याचे खरे तर कारण नाही. 'झीन' हा 'मॅगझिन'चा तुटलेला तुकडा आहे, आणि मॅगझिन हा शब्द युरोपात गेला तो अरबीतून. मख़ज़न म्हणजे कोठार, त्याचे अनेकवचन मख़ाज़िन. शेख अब्दुल क़ादिर यांनी १९०१ साली लाहोरहून उर्दू मासिक काढले तेव्हा त्याचे नावच 'मख़ज़न' ठेवले होते आणि इक़बाल यांच्या सुरुवातीच्या कविता त्यात आल्या. म्हणजे अंक काढणे याचा मूळ अर्थ साठवून ठेवणे. या अर्थाने पाहिले तर आपल्या लहान अंकांची, छोट्या प्रकाशनांची कामगिरी काय दिसते, हे तपासण्यासाठी हा लेख आहे. त्यात कौतुक आहे आणि तक्रारही आहे.

मराठीत ही वाट नवी नाही. १९५५ च्या सुमारास मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ, बंडू वझे या तरुणांनी 'शब्द' नावाचा सायक्लोस्टाइल अंक काढला. पुढे अशोक शहाणे यांचे 'असो', राजा ढाले यांचे 'येरू', तसेच इतरांचे 'फक्त', 'अबकडइ' अशी नावे घेता येतात. आपल्या मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वात जवळचे नाव तेव्हाच्या औरंगाबादेतून निघालेल्या 'वाचा'चे. भालचंद्र नेमाडे, चंद्रकांत पाटील ही नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. मौजेच्या दारात 'सत्यकथे'चा अंक जाळला गेला तो १९६९ साली. लघुअनियतकालिकांचा इतिहास सांगणारे बहुतेक जण या जाळण्यापाशी फार रेंगाळतात. आम्हाला त्यापेक्षा सायक्लोस्टाइल यंत्राबद्दल बोलावेसे वाटते, कारण त्या यंत्राने जे शक्य केले ते समजल्याशिवाय ही चळवळ समजत नाही.

ज्यांनी शाळेतल्या चाचणी परीक्षेच्या निळसर-काळ्या, वास येणाऱ्या प्रश्नपत्रिका हातात धरल्या आहेत त्यांना हे यंत्र ठाऊक आहे. मेणाचा थर दिलेला स्टेन्सिल कागद घ्यायचा, टोकदार लेखणीने त्यावर लिहायचे किंवा रिबन काढलेल्या टाइपरायटरवर ठोकायचे. जिथे मेण निघते तिथून शाई झिरपते. स्टेन्सिल रोळावर ताणून हातळ फिरवायचा की फुलस्केप कागद छापून बाहेर पडतो. एका स्टेन्सिलमधून काहीशे प्रती निघतात, मग अक्षरांच्या कडा फाटू लागतात, 'ठ' चे पोट शाईने भरते. अंक किती जणांपर्यंत जाणार हे त्या मेणाच्या थरावर ठरत असे. त्या काळी मराठी छापायचे तर खिळे जुळवणारा कंपॉझिटर हवा, त्याची मजुरी हवी, ट्रेडल हवे आणि मजकूर पाहून भुवया उंचावणारा प्रेसमालक गप्प बसायला हवा. स्टेन्सिलने या सगळ्यांना बाजूला सारले. आपल्या हातचे अक्षर थेट वाचकापर्यंत गेले.

इथे आपल्या वाचकांना एक तुलना सुचेल, जी मराठी समीक्षेत कुणी फारशी केलेली आमच्या पाहण्यात नाही. उर्दूत ही सोय शिळाछापाने केव्हाच दिलेली होती. नस्तालीक लिपी खिळ्यांत नीट बसत नाही, म्हणून कातिब हाताने किताबत करी आणि ती तशीच दगडावर, पुढे ऑफसेटच्या प्लेटवर उतरत असे. एक कातिब, एक छापखाना आणि एक हट्टी संपादक एवढ्यावर रिसाला उभा राहत असे. संगणकावर 'इनपेज' येईपर्यंत, म्हणजे १९९० नंतरची काही वर्षे जाईपर्यंत, उर्दूच्या छोट्या रिसाल्यांचे पान म्हणजे कुणाच्या तरी हाताचे वळण असे. अलाहाबादहून शम्सुर्रहमान फ़ारूक़ी यांनी १९६६ साली सुरू केलेला 'शबख़ून' असाच हट्टाने चालला आणि २००५ पर्यंत टिकला. फ़ारूक़ी नोकरीने टपाल खात्यातले अधिकारी. रिसाला टपालाने जगतो हे त्यांच्याइतके कोणाला कळणार! पुण्यातून नज़ीर फ़तेहपुरी यांनी 'असबाक़' चालवला. म्हणजे महाराष्ट्रातल्या मुसलमानांच्या घरात छोटा अंक ही वस्तू अनोळखी नव्हती. मराठीत मात्र आपण तिला आपली मानली नाही.

प्रास प्रकाशनाकडे वळू. अशोक शहाणे यांच्या या प्रकाशनाने १९७७ साली 'अरुण कोलटकरच्या कविता' हे पुस्तक काढले. कवी तेव्हा पंचेचाळिशीला टेकलेला. वीस-बावीस वर्षांच्या त्याच्या कविता तोवर सायक्लोस्टाइल कागदांत, मित्रांच्या कपाटांत, टिकले तर टिकले अशा अंकांत विखुरल्या होत्या. प्रासने त्या एका बांधणीत आणल्या नसत्या तर मराठी कवितेच्या इतिहासातले एक पान आज दंतकथा म्हणून सांगावे लागले असते. आधीच्या वर्षी, १९७६ मध्ये, कवींनीच मिळून चालवलेल्या 'क्लिअरिंग हाउस'तर्फे 'जेजुरी' इंग्रजीत आली होती. मराठीतली पुढची पुस्तके यायला नवे शतक उजाडावे लागले. 'चिरीमिरी', 'भिजकी वही', 'द्रोण' ही प्रासचीच. सप्टेंबर २००४ मध्ये कोलटकर गेले, आणि २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार 'भिजकी वही'ला मिळाला. मोठ्या प्रकाशकाकडे न जाता, आपल्याला हवा तसा कागद, हवा तसा आकार, ओळीपुढे हवी तेवढी मोकळी जागा घेऊन एक कवी आणि एक प्रकाशक दोघांनी हे केले. कोलटकर पेशाने जाहिरातीतले चित्रकार, शहाणे टाइपाच्या बाबतीत कमालीचे चोखंदळ. पुस्तक हातात धरताच ते जाणवते.

या धीमेपणाचे आम्हाला मोल वाटते. पण त्याला दुसरी बाजू आहे. 'अनियतकालिक' हा शब्द या मंडळींनी अभिमानाने मिरवला. निघेल तेव्हा निघेल, सांगणार कोण! मुद्रणविषयक १८६७ च्या कायद्याप्रमाणे ठराविक काळाने निघणाऱ्या पत्राला घोषणापत्र भरावे लागे. ती कटकट अनियत असण्याने टळली हा व्यावहारिक भागही होता. मात्र ज्यांच्या नावांची नोंद मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अन्य मार्गांनी होणारच होती त्यांना हा बेफिकीरपणा परवडला. ज्यांची नोंदच होत नाही त्यांना तो परवडत नाही. हे सर्वात आधी ओळखले ते औरंगाबादेत, डॉ. गंगाधर पानतावणे यांनी. १९६७ मध्ये 'अस्मिता' म्हणून निघालेले आणि लगेच 'अस्मितादर्श' झालेले त्यांचे त्रैमासिक नियमितपणाच्या ताकदीवर उभे राहिले. अंक वेळेवर, लेखक-वाचक मेळावे वेळेवर, नव्या पोरांची पहिली कविता छापायला नेहमी जागा. मार्च २०१८ मध्ये पानतावणे गेले तोपर्यंत अर्धे शतक ते चालले होते. दलित साहित्याचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला 'अस्मितादर्श'च्या फायली समोर ठेवता येतात. मुंबईच्या अनियतकालिकांनी भाषेला मोठा धक्का दिला हे खरे, पण समाजाला आधार दिला तो या त्रैमासिकाने. दोन्हींना एकाच मापाने मोजणारी समीक्षा आम्हाला मान्य नाही.

आता आपल्याबद्दल. १९९० मध्ये दोन गोष्टी घडल्या. डॉ. यू. म. पठाण पुण्यातल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. या दुसऱ्या घटनेमागे प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर यांची विचारशक्ती होती, आणि आपल्या लातूरकडचे कवी फ. म. शहाजिंदे यांच्यासारखे लेखक त्या चळवळीत पुढे होते. तेव्हापासून कवितासंग्रह आले, आत्मकथने आली, विदर्भातून अजीम नवाज राही यांच्यासारखा कवी आला, इलाही जमादार यांची गझल घराघरांत गेली. संमेलने भरली, ठराव झाले. प्रत्येक संमेलनाच्या निमित्ताने स्मरणिका निघाली, विशेषांक निघाले. पण संमेलन उठले की मांडव उतरतो, त्याबरोबर अंकही उतरतो. 'अस्मितादर्श'सारखे सलग चालणारे वाङ्मयीन त्रैमासिक आपण उभे करू शकलो नाही. हमीद दलवाई यांच्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाने, १९७० मध्ये स्थापना झाल्यानंतर, आपली पत्रिका चालवली. दलवाईंशी आपल्यातल्या अनेकांचे पटत नाही, तो वाद इथे काढायचा नाही. पण ते चळवळीचे पत्र आहे, कविता-कथेचे घर नव्हे. शाहीर अमर शेख यांनीही मासिके चालवून पाहिली. त्यांची मुलगी मल्लिका अमर शेख लघुअनियतकालिकांच्या वातावरणातूनच कवयित्री म्हणून पुढे आली आणि १९७९ मध्ये 'वाळूचा प्रियकर' हा तिचा संग्रह आला. मराठी लहान अंकांच्या इतिहासात मुस्लिम घरातले नाव शोधायचे म्हटले की बोट पुन्हा पुन्हा तिथेच जाते. या चळवळीच्या कवितेत मुंबई आहे, मुंबईतला इराणी आहे, भेंडीबाजार आहे, पण त्या गल्लीतून स्वतः लिहिणारे हात फार थोडे. दोष एकट्या चळवळीचा नाही. आपल्या शिकलेल्या पिढीला मराठी ही शाळेची आणि कचेरीची भाषा वाटत राहिली, कवितेसाठी उर्दू आणि भांडणासाठी दखनी.

उदगीरकरांना हे अधिक कळते. हे गाव १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत, १९८२ पासून लातुरात. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आणि आपली दखनी एका बाजारात ऐकू येतात. बिदरच्या शाह मुंतोजी यांनी मराठीत ग्रंथरचना केली, आणि रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकातून असे कवी वाचकांपुढे आणले. ढेऱ्यांना ते सापडले कारण कुठल्या तरी मठात कुणीतरी त्यांची बाडे नकलून, कापडात गुंडाळून ठेवली होती. नक्कल करणारा तो अनाम माणूस आमच्या मते आपला पहिला लघुप्रकाशक. उलट १९४८ च्या सप्टेंबरनंतर बिदर, उस्मानाबाद, नांदेड या जिल्ह्यांत जे घडले त्यात माणसे गेली, घरे गेली, आणि घरांबरोबर कागदही गेले. सुंदरलाल समितीच्या अहवालाने या जिल्ह्यांची नावे घेतली आहेत. त्यानंतरच्या पिढीने उर्दू शाळेतून मराठी शाळेत पाऊल टाकले. जुने कागद वाचता येईनात, नवे कागद अजून लिहिलेले नव्हते. तो खंड भरून काढण्याचे काम छोट्या अंकांकडून व्हायला हवे होते.

एप्रिल २०२२ मध्ये पंचाण्णवे अखिल भारतीय संमेलन भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली उदगीरला भरले आणि त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही याच गावात झाले. दोन्हीकडच्या पुस्तकांच्या गाळ्यांवर आम्ही पायपीट केली. मुस्लिम मराठी लेखकांची सुटी पुस्तके मिळाली, त्यांतली बरीच लेखकाने स्वतः पैसे घालून काढलेली. १९९० नंतरच्या स्मरणिका आणि विशेषांक मात्र आमच्या हाती एकही लागले नाहीत. बाहेर विचारले तर उत्तर एकच, सरांच्या घरी असेल. सर निवृत्त झालेले, घर बदललेले.

मुंबईच्या त्या सायक्लोस्टाइल कागदांचे काय झाले पाहा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात बॉम्बे पोएट्स आर्काइव्ह उभे आहे. अंजली नेर्लेकर यांनी कोलटकर आणि त्या काळच्या दुभाषी वाङ्मयव्यवहारावर 'बॉम्बे मॉडर्न' हे पुस्तक २०१६ मध्ये लिहिले, त्यात या लहान अंकांचा बारकाईने विचार आहे. घरी राहिलेल्यांपैकी सतीश काळसेकर यांच्यासारख्यांनी वाचनाचीच नोंद ठेवली. त्यांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी'ला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकातला माणूस अंक वाचून टाकून देत नाही, कुणाकडून आला, कधी आला याची आठवण ठेवतो. असा वाचक लाभणे हे लहान अंकाचे अर्धे आयुष्य. दूरदेशी का होईना, ते कागद टिकले याचा आनंद मानावा की आपल्या विद्यापीठांची लाज वाटून घ्यावी, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोडतो. पण तिथे पोचायलाही आधी कुणीतरी ते ट्रंकेत जपून ठेवावे लागतात.

आपल्या बाबतीत वाळवीपेक्षा मोठा शत्रू वेगळाच आहे. १९९० ते २०१० या काळातले आपले बहुतेक अंक डीटीपीवर झाले. पेजमेकरमध्ये, श्रीलिपी किंवा आकृतीच्या फाँटमध्ये. हे फाँट युनिकोडचे नव्हते. आज त्या फायली उघडल्या तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. जुना फाँट मिळवून रूपांतर करणे शक्य असते, पण जोडाक्षरे निसटतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. त्यातही फ्लॉपीवर किंवा सीडीवर ठेवलेली फाइल उघडेल याची हमी कोण देणार? म्हणजे १९६५ चा सायक्लोस्टाइल कागद आज डोळ्यांनी वाचता येतो आणि २००२ ची फाइल वाचता येत नाही. उर्दूच्या जुन्या इनपेज फायलींचे दुखणे हेच. ज्याच्याकडे त्या काळातली छापील प्रत आहे त्याच्याकडेच मूळ संहिता आहे, हे सगळ्यांनी लक्षात घ्यावे.

कायद्याने एक दार उघडे ठेवलेले आहे आणि आपण त्यातून जात नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी या चार ठिकाणी स्वखर्चाने पाठवायची असते. तीनशे प्रती काढणाऱ्याला चार प्रती जड वाटतात. टपालखर्च त्याहून जड. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुकपोस्टाची सवलतीची सेवा बंद केली. मोठ्या दुकानांना याचा फरक पडत नाही, पण उदगीरहून रत्नागिरीला दहा अंक पाठवणाऱ्या संपादकाचा हिशोब तिथेच कोलमडतो. नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला, नोंदणीचे काम आता संगणकावरून होते, ती मात्र सोय म्हणावी लागेल. नोंदणी केलेल्या अंकाला टपालाची सवलत मागता येते. अनियत राहण्याचा मोह सोडायला हेही एक कारण पुरे आहे.

नव्या लिहिणाऱ्यांनी झीन काढावे का? जरूर काढावे. झेरॉक्स परवडते, मुलींना घरात बसून करता येते, आणि दखनीत लिहिलेले 'शुद्धलेखना'साठी परत येत नाही. दखनी देवनागरीत लिहायची तर 'मेरेकू', 'नक्को', 'हौ' हे जसेच्या तसे छापणारा अंक मराठीत हवाच आहे, आणि तो मोठे प्रकाशक काढणार नाहीत. फक्त पहिल्या पानावर गाव, महिना, वर्ष आणि अंकाचा क्रमांक घालावा. मुंबईच्या काही अनियतकालिकांनी हे घालण्यात कमीपणा मानला आणि आज अभ्यासक अंक कुठल्या साली निघाला यावर वाद घालत बसतात. दहा प्रती वेगळ्या काढून कुठल्या तरी महाविद्यालयाच्या ग्रंथपालाच्या हाती पोच घेऊन द्याव्यात. पोच महत्त्वाची, नाहीतर ते कागद रद्दीत जायला वेळ लागत नाही.

आमच्यापुरते आम्ही सोलापूरच्या १९९० च्या संमेलनापासूनच्या स्मरणिका, विशेषांक, पत्रके गोळा करायला घेतली आहेत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी ती कायमची द्यावीत असे आमचे म्हणणे नाही. एका दिवसासाठी द्यावीत. पाने सोडवणार नाही, शिवण उसवणार नाही, छायाचित्रे घेऊन संध्याकाळी परत आणून देऊ. अर्धा फाटलेला, वेष्टण नसलेला, उंदराने कुरतडलेला अंक असला तरी चालेल.